देवाचे पत्र : एका रूपकाचा इतिहास

१

पवित्र शास्त्र हे देवाने मानवास लिहिलेले प्रेमपत्र होय, हे वाक्य आपल्या उपदेशपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ विचारावा असे ऐकणाऱ्यास वाटत नाही आणि तो उलगडून सांगावा असे बोलणाऱ्यासही वाटत नाही. दृढीकरणाच्या वर्गात, रविवारच्या शाळेत, लग्नाच्या उपदेशात हे रूपक सहज येऊन जाते. परंतु एखाद्या निरक्षर वृद्धेने धर्मशिक्षकास विचारले की, "पत्र माझ्या नावाचे असेल, पण मला अक्षर वाचता येत नाही, मग ते मला पोहोचले असे कसे म्हणावे?", तर त्याने काय उत्तर द्यावे? आणि आपले मूल नुकतेच मातीआड करून आलेल्या बापाने शास्त्राचे चार अध्याय वाचून म्हटले की, "यात मला प्रेम कोठे आढळले नाही", तर पाळकाने त्यास काय सांगावे?

हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि नुसत्या गोड शब्दांनी ते सुटणारे नाहीत. म्हणून हे रूपक मुळात कोठून आले, कोणी कोणत्या प्रसंगी ते वापरले आणि प्रत्येकाच्या हाती त्याला कोणता अर्थ आला, याचा मागोवा घेणे उपयोगाचे ठरेल. प्रस्तुत लेखात तोच यत्न केला आहे. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते, ती आरंभीच सांगतो. ज्यांनी ज्यांनी देवाच्या प्रेमाला पत्र म्हटले, त्यांपैकी कोणाच्याही मनात एकांतात उघडून, वाचून पुन्हा पेटीत ठेवण्याची चिठ्ठी नव्हती. पत्राला अंतर असते, पत्राला वाहक असतो, पत्र मोठ्याने वाचून दाखविले जाते आणि पत्राला उत्तर द्यावे लागते. या चार गोष्टी सोडल्या, तर रूपकात केवळ भावना उरते.

२

शास्त्रात देवाच्या वतीने लिहिलेले सर्वांत लक्षणीय पत्र यिर्मया संदेष्ट्याचे आहे (यिर्मया २९). ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम हस्तगत केले आणि यकन्या राजा, राजमाता, सरदार व कारागीर यांस बाबेलास नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या बंदिवानांस पत्र लिहिले. शाफानाचा पुत्र एलासा व हिल्कीयाचा पुत्र गमऱ्या यांस सिद्कीया राजाने आपल्या कामासाठी बाबेलास धाडले होते. त्यांच्याच हाती ते पत्र गेले. राजदरबारच्या थैलीबरोबर देवाचे वचनही प्रवासाला निघाले.

त्या पत्रात काय होते? घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, असा त्यात उपदेश होता. सत्तर वर्षे भरल्यावर देव आपल्या लोकांची भेट घेईल आणि त्यांच्याविषयीचे त्याचे संकल्प हिताचे आहेत, हे आश्वासन त्यानंतर येते. आज ते आश्वासनाचे वचन आपण सुंदर अक्षरांत लिहून भिंतीवर लावतो. मात्र त्याच्या आधीची सत्तर वर्षे सोडून देतो. त्या काळी हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल, असे सांगत होता (यिर्मया २८). लोकांस तेच ऐकावयाचे होते. ज्याने पत्र वाचले तो स्वतः परत जाण्याची शक्यता फार थोडी होती. त्याची मुले वा नातवंडे जाणार होती. साहजिकच या पत्राने संताप उसळला. शमाया नेहेलामी याने बाबेलहून यरुशलेमास उलट पत्र पाठवून, यिर्मयाचा बंदोबस्त का केला नाही, असा याजकास जाब विचारला.

देवाच्या प्रेमाचे पत्र म्हणजे काय, याचा पहिला धडा येथे मिळतो. ते दूर गेलेल्यांस लिहिलेले आहे, आणि ते खोटा दिलासा देत नाही. जे प्रेम सत्तर वर्षांस दोन वर्षे म्हणत नाही, तेच प्रेम विश्वासार्ह असते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांची स्थिती बंदिवासाची नाही. तथापि, जेथे आपण राहतो त्या नगराचे हित तेच आपले हित, ही त्या पत्रातील आज्ञा त्यांस परकी वाटू नये.

३

नव्या कराराच्या २७ पुस्तकांपैकी २१ पुस्तके पत्रे आहेत. जगाच्या धर्मग्रंथांत ही रचना विरळा होय. या पत्रांचा व्यवहार कसा चाले, हे समजून घेतले पाहिजे. रोमी साम्राज्यात औगुस्त कैसराने सुरू केलेली टपालव्यवस्था होती, परंतु ती सरकारी कामापुरती. सामान्य माणसाचे पत्र ओळखीच्या प्रवाशाबरोबर जाई. पत्र सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा आणि नेणारा तिसरा असे. रोमकरांस पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियाने स्वतःचा नमस्कार त्यात घातला आहे (रोम. १६:२२), आणि त्याच अध्यायाच्या आरंभी पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस करतो, त्यावरून तिनेच ते पत्र रोमास नेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पत्र सर्व बंधूंस वाचून दाखवावे, अशी पौल थेस्सलनीकाकरांस शपथ घालतो (१ थेस्सल. ५:२७); कलस्सैकरांनी आपले पत्र लावदिकीयाच्या मंडळीत वाचवून घ्यावे आणि तेथील पत्र आपण वाचावे, असे सांगतो (कलस्सै. ४:१६). प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखविणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यांस, दोघांसही धन्य म्हटले आहे (प्रकटी. १:३). सुमारे इ. स. १५५ मध्ये रोम येथे जस्टिन हुतात्म्याने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले, त्यातही प्रथम वाचकाचा उल्लेख येतो आणि त्यामागून अध्यक्षाचा उपदेश येतो. पुढे 'वाचक' ही मंडळीतील एक मान्य सेवाच ठरली. म्हणजे पत्र ऐकणारे बहुसंख्य लोक निरक्षर होते, आणि त्यामुळे ते पत्र त्यांचे नव्हे, असे कोणासही वाटले नाही.

या पार्श्वभूमीवर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय वाचावा. त्या काळी अनोळखी गावी जाणारा मनुष्य शिफारसपत्र घेऊन जाई. करिंथात काही उपदेशक अशी पत्रे घेऊन आले होते आणि पौलापाशी ती नाहीत म्हणून त्याचे प्रेषितपण संशयात टाकत होते. यावर पौल उत्तर देतो की, तुम्हीच आमचे पत्र आहात; आमच्या सेवेने सिद्ध झालेले ख्रिस्ताचे पत्र, जे शाईने नव्हे तर जिवंत देवाच्या आत्म्याने, आणि दगडी पाट्यांवर नव्हे तर मानवी हृदयांच्या पाट्यांवर लिहिले आहे. दगडी पाट्यांच्या उल्लेखात सिनाय पर्वत आहे (निर्गम ३१:१८), आणि हृदयांच्या उल्लेखात यिर्मया व यहेज्केल यांची भाकिते आहेत (यिर्मया ३१:३३, यहेज्के. ३६:२६). हे पत्र कोणाच्या अंतःकरणावर लिहिले आहे? बहुतेक हस्तलिखितांत 'आमच्या' असे आहे, तर काहींत 'तुमच्या' असा पाठ मिळतो. पहिला पाठ घेतल्यास अर्थ असा होतो की, मंडळी हे पत्र असून ते प्रेषिताच्या हृदयावर कोरलेले आहे. तो जेथे जाईल तेथे ते त्याच्याबरोबर जाते.

यात नवल हे की, हे पत्र म्हणजे करिंथची मंडळी होय. त्या मंडळीत तट पडले होते. बंधू बंधूवर सरकारदरबारी फिर्याद करीत होता. प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही व दुसरा झिंगे. अशा लोकांस पौल ख्रिस्ताचे पत्र म्हणतो. त्याच पत्रात, एक अध्याय आधी, तो सांगतो की, पूर्वी आपण त्यांस पुष्कळ अश्रू गाळीत लिहिले, ते त्यांस दुःख व्हावे म्हणून नव्हे, तर आपले त्यांच्यावरील प्रेम त्यांस कळावे म्हणून (२ करिंथ २:४). त्या पत्रात बोल लावलेला होता, आणि त्या बोलांतच प्रेम होते. प्रेमपत्र हा शब्द आपण वापरणार असू, तर त्याचे पहिले उदाहरण म्हणून हे अश्रूंनी भिजलेले पत्र डोळ्यांपुढे ठेवावे.

४

प्रेषितांनंतरच्या शतकांत रूपकाला दुसरे वळण लागले. आता मंडळीऐवजी शास्त्रास पत्र म्हटले जाऊ लागले. अथानासियसाने लिहिलेल्या संत अंतोनीच्या चरित्रातील प्रसंग प्रसिद्ध आहे. कॉन्स्टंटाईन बादशहाने आणि त्याच्या पुत्रांनी मिसर देशाच्या अरण्यात राहणाऱ्या या तपस्व्यास पत्र लिहिले. भोवतालचे शिष्य हर्षून गेले. अंतोनी मात्र म्हणाला की, बादशहाने पत्र लिहिले याचे आश्चर्य करू नका, कारण तो मनुष्यच आहे; देवाने मानवासाठी नियमशास्त्र लिहिले आणि स्वतःच्या पुत्राच्या द्वारे आपणांशी बोलला, याचे आश्चर्य करा. ते पत्र घेण्यासही तो प्रथम राजी नव्हता. शिष्यांनी आग्रह केल्यावर त्याने ते वाचवून घेतले आणि उत्तर पाठविले की, ख्रिस्ताची भक्ती करावी, येणाऱ्या न्यायाचे स्मरण ठेवावे, न्यायाने वागावे व गरिबांची काळजी घ्यावी. अथानासियस सांगतो की, अंतोनीने अक्षरविद्या घेतलेली नव्हती. देवाच्या पत्राचा महिमा ज्याने इतक्या नेमकेपणे ओळखला, तो मनुष्य पुस्तकी शिक्षणाविना होता, ही गोष्ट आपल्या पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात विसरता येत नाही.

योहान ख्रिसोस्तोम हा ३८६ मध्ये अंत्युखियात याजक झाला. उत्पत्तीच्या पुस्तकावरील प्रवचनांत तो म्हणतो की, आरंभी देव मानवांशी समोरासमोर बोले. नोहा, अब्राहाम यांच्याशी तो असाच बोलला. पुढे मानवजात दूर गेली, तेव्हा दूरदेशी गेलेल्या स्नेह्यास लिहावे तसे देवाने पत्र पाठविले, जुना स्नेह पुन्हा जुळावा म्हणून. आणि मोशे त्या पत्राचा वाहक झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील पहिल्या प्रवचनात तो याहून पुढे जातो. आपले जीवन इतके शुद्ध असावयास हवे होते की, लिखित ग्रंथाची गरजच पडू नये आणि आत्म्याने हृदयावरच लिहावे. ते वैभव आपण गमावले, म्हणून ग्रंथ हा दुसरा उपाय झाला. आता या दुसऱ्या उपायाचीही उपेक्षा केली, तर दोष केवढा!

ख्रिसोस्तोमाचे हे विवेचन महत्त्वाचे आहे, कारण ते पौलाचे पत्र आणि शास्त्ररूपी पत्र यांचा सांधा जुळवते. शाईचे पत्र हृदयावरील पत्रासाठी आहे. शास्त्र हे साध्य नाही. ते दुरावलेल्यास जवळ आणण्याचे साधन आहे. पत्र येते, याचाच अर्थ अजून भेट झालेली नाही.

उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीन याच सुमारास त्याच रूपकात मायदेशाची ओढ ओततो. मराठी शास्त्रात ज्यास ९१ वे स्तोत्र म्हणतात, त्यावरील प्रवचनात तो श्रोत्यांस प्रवासी म्हणतो. आपण ज्या नगरीपासून दूर आहोत, तेथून आपणांस पत्रे आली आहेत. ती पत्रे म्हणजे शास्त्र, आणि नीट कसे जगावे हे ती सांगतात. ज्याने परगावी राहून घरचे पत्र हाती धरले आहे, त्यास या वाक्यावर भाष्य नको.

५

परंतु रूपकाला त्याचे प्रसिद्ध रूप दिले ते थोर ग्रेगरीने, आणि तेही एका खऱ्या पत्रात. ग्रेगरी ५९० मध्ये रोमचा बिशप झाला. इटलीत लोम्बार्ड टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता, रोममध्ये निर्वासितांची गर्दी होती, आणि धान्यापासून तहापर्यंत सर्व भार त्याच्यावर पडला होता. अशा काळात, ५९५ मध्ये, त्याने कॉन्स्टँटिनोपल येथील बादशाही वैद्य थिओडोर यास लिहिले. पूर्वी ग्रेगरी त्या राजधानीत रोमच्या बिशपाचा वकील म्हणून राहिला होता. तेथील स्नेह दोघांनीही जपला होता.

पत्राच्या आरंभी तो म्हणतो की, खरे प्रेम असणाऱ्यांस अंतर वेगळे करू शकत नाही. मग तो स्नेहाच्या हक्काने एक तक्रार मांडतो. थिओडोरास बुद्धी, संपत्ती व दयाळूपणा ही सारी दाने मिळाली आहेत, तरी तो दरबारच्या कामांत व मिरवणुकींत इतका गुंतला आहे की, आपल्या तारणाऱ्याची वचने रोज वाचण्यास त्यास सवड होत नाही. शास्त्र म्हणजे सर्वसमर्थ देवाने आपल्या निर्मितीस लिहिलेले पत्रच नव्हे काय, असे तो विचारतो. परगावी असताना बादशहाचा खलिता आला, तर तो वाचल्याविना तू झोपणार नाहीस; मग स्वर्गाच्या राजाचा खलिता येऊन पडला असता उत्कंठेने का वाचीत नाहीस? देवाच्या शब्दांतून देवाचे हृदय ओळखण्यास शीक, असे तो शेवटी सांगतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. अंतोनीच्या प्रसंगातील बादशहाचे पत्र येथे पुन्हा येते, परंतु आता भर राजाच्या अधिकारावरून राजाच्या हृदयाकडे सरकला आहे. दुसरी गोष्ट अशी की, ग्रेगरीने हा उपदेश दुष्टास केला नाही. थिओडोर सज्जन होता, सेवेत गढलेला होता. आपण पाळक व धर्मशिक्षक मंडळींनी ही तक्रार स्वतःच्या नावे आलेली समजावी. सभा, हिशेब, वर्गणी, कज्जे यांत दिवस सरतो, आणि ज्या पत्राचे आपण वाहक म्हणवितो ते आपणच उघडलेले नसते.

६

पत्र हे प्रेमाचे साधन कसे होते, याचे साक्षात उदाहरण गोव्याच्या इतिहासात सापडते. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचला. युरोपला पत्र लिहून त्याचे उत्तर मिळण्यास त्या काळी वर्षानुवर्षे लागत. अंबोइना बेटावरून १५४६ मध्ये त्याने आपल्या सोबत्यांस कळविले की, त्यांच्या पत्रांवरील स्वहस्ताच्या सह्या आपण कापून घेतल्या आहेत आणि आपल्या व्रताच्या कागदासह त्या सदैव जवळ बाळगतो. इग्नेशियस लोयोला यास तो गुडघे टेकून पत्र लिही. जपानहून परतल्यावर १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून त्याने कळविले की, आपला कधीही विसर पडू न देणाऱ्या इग्नेशियसचे शेवटचे शब्द वाचताना आपणांस अश्रू आवरले नाहीत. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर तो मरण पावला. रोमला हे ठाऊक नव्हते. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियसने त्यास परत येण्याची आज्ञा देणारे पत्र लिहिले. ते वाचण्यास झेवियर उरला नव्हता. मानवी प्रेमाची पत्रे अशी उशिरा पोहोचतात, तरी ती लिहिणारे हात थांबत नाहीत. देवाचे प्रेम पत्राप्रमाणे अनुभवणे म्हणजे काय, हे ज्यास कळत नाही त्याने त्या कापून जपलेल्या सह्यांचा विचार करावा.

झेवियरनंतर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरला. त्यानेही वडिलांस व भावास पत्रे लिहिली; १५८३ च्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. परंतु त्याने खरे मोठे पत्र पोहोचविले ते मराठी ओवीत. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ख्रिस्तपुराण नवख्रिस्ती लोकांस त्यांच्या ओळखीच्या छंदात तारणाची कथा सांगते. ते डोळ्यांपेक्षा कानांसाठी रचलेले आहे. पुढे गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ते हस्तलिखितांवरून वाचले व गायिले जाई. मंगळूर येथे सालढाणा यांनी १९०७ मध्ये ते पुन्हा छापून काढले, तेव्हा या हस्तलिखितांचा उपयोग झाला. वाहक बदलले, लिपी बदलली, तरी वाचून दाखविण्याची जुनी रीत तीच राहिली.

रूपकाचा आधुनिक काळातील सर्वांत कठोर उपयोग डेन्मार्कच्या सोरेन किर्केगार्ड याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मपरीक्षणाच्या ग्रंथात केला. तो म्हणतो, समजा, एका प्रियकरास प्रियेचे पत्र आले, पण ते त्यास न येणाऱ्या भाषेत आहे. तो शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावीत बसला आहे. एवढ्यात ओळखीचा मनुष्य येऊन म्हणतो की, प्रियेचे पत्र वाचतो आहेस वाटते! यावर प्रियकर रागावतो, कारण हे वाचन नव्हे, ही तर केवळ भाषांतराची यातायात. वाचन यानंतर, एकांतात. आणि त्या पत्रात प्रियेने एखादी इच्छा कळविली असेल, तर तो ती पुरी करण्यास तत्काळ उठेल. दुर्बोध भाग समजेपर्यंत थांबणार नाही. किर्केगार्डचा रोख विद्वत्तेवर नव्हता. विद्वत्तेची ढाल पुढे करून आज्ञापालन लांबविणाऱ्यांवर होता.

या कथेला आपल्या मराठी इतिहासात एक पुरवणी मिळाली. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १८११ मध्ये श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार प्रसिद्ध केला होता, आणि पुढील भाषांतरेही होती; परंतु ती भाषा दुष्काळातून आलेल्या, कधी शाळा न पाहिलेल्या स्त्रियांस जड जाते, असे रमाबाईंस वाटले. जवळजवळ दीड तप त्या शब्दकोशाशी झटल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छापखान्यात खिळे जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. किर्केगार्डच्या प्रियकरास शब्दकोश हा वाचनापूर्वीचा अडसर वाटला. रमाबाईंच्या हाती तो प्रेमाचे साधन बनला, कारण त्यांची यातायात स्वतःच्या वाचनापुरती नव्हती. दुसरीच्या नावाचे पत्र तिच्या बोलीत तिला मिळावे यासाठी ती होती.

७

मराठी पत्रात आरंभी मायना असतो. तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य राजश्री, गंगाभागीरथी, यांतून लिहिणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाते पहिल्या ओळीतच ठरते. चांगदेवाने ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास घेतले, तेव्हा वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा पुरुषास कोणता मायना घालावा हे न सुचून त्याने कोरा कागदच धाडला आणि ज्ञानेश्वरांनी त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत दिले, ही परंपरेतील कथा प्रत्येक मराठी मनुष्यास ठाऊक आहे. देवाला मनुष्याने कोणत्या मायन्याने लिहावे, हा प्रश्न आपल्यापुढेही आहे. कित्येकदा आपण देवापुढे कोरा कागदच धरतो. परंतु देवाच्या पत्राला मायन्याची अडचण पडली नाही. रोमकरांस लिहिताना पौल पहिल्याच वाक्यात त्यांस देवाचे प्रिय म्हणून संबोधितो (रोम. १:७). पुढे सोळा अध्यायांत पाप, न्याय, नियमशास्त्र, निवड यांची कठीण चर्चा आहे. पण ती सर्व त्या मायन्याखाली लिहिलेली आहे. मायना विसरून मजकूर वाचणारा मनुष्य पत्राचा अर्थ चुकतो.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे वळू. निरक्षर वृद्धेस सांगावे की, आजी, पहिल्या मंडळीतील बहुतेकांस हे पत्र कानांनीच मिळाले. आपल्या खेड्यांतून एकेकाळी पोस्टमन किंवा शाळामास्तर ओट्यावर बसून मुंबईच्या मुलाचे पत्र आईस वाचून दाखवी. ते पत्र मास्तरचे होते, असे कोणी म्हणत नसे. आई ऐके, दोनदा वाचावयास लावी, आणि उत्तर सांगे. धर्मशिक्षकाची जागा त्या ओट्यावरच्या मास्तरची आहे. त्याने पत्र स्पष्ट वाचावे, पदरचे घालू नये, कटू मजकूर गाळू नये आणि उत्तर लिहून घेण्यास थांबावे. वाचून दाखविणे ही हलकी सेवा आहे, असे ज्यास वाटते त्याने फीबीचे स्मरण करावे.

मूल गमावलेल्या बापास मात्र घाईने वचन काढून दाखवू नये. ख्रिसोस्तोमाने सांगितल्याप्रमाणे, पत्र आले म्हणजे भेट झाली असे होत नाही. अंतराचे दुःख खरे असते, आणि शास्त्र ते लपवीत नाही. यिर्मयाच्या पत्राने सत्तर वर्षे लपविली नाहीत, पौलाने अश्रू लपविले नाहीत. अशा घरी पौलाचे मूळ रूपक आठवावे. ज्यास आज छापील अक्षरांत प्रेम दिसत नाही, त्याच्याकडे देव अक्षरांनी नव्हे, माणसांनी लिहितो. जो शेजारी त्याच्या दाराशी गप्प बसून राहतो, जी बहीण दहा दिवस त्याच्या चुलीवर भाकरी भाजते, जो पाळक महिन्याभराने, सर्व पांगल्यावर, पुन्हा येतो, ते त्या दिवसांपुरते ख्रिस्ताचे पत्र होत. करिंथकरांसारखी सदोष माणसे पत्र होऊ शकली, तर आपणही होऊ शकतो. मग कधी काळी तो बाप पुस्तक पुन्हा उघडील, आणि त्यास अक्षर ओळखीचे वाटेल; कारण तोच हात त्याने आधी पाहिलेला असेल.

जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी एक वाक्य येई : बहुत काय लिहिणे. जे शब्दांत मावले नाही, ते घेणाऱ्याने नात्यावरून समजून घ्यावे, असा त्याचा भाव. देवाने नियमशास्त्र लिहिले, संदेष्ट्यांच्या व प्रेषितांच्या द्वारे पत्रे धाडली आणि शेवटी पुत्रच पाठविला. त्याहून अधिक लिहिण्याजोगे उरले नाही. आता उत्तर लिहिणे आपल्याकडे आहे, आणि ते ज्या कागदावर लिहावयाचे, तो म्हणजे आपल्या हाती सोपविलेली मंडळी होय.